सही करावी, साईटवर जाऊ नये

वास्तुविशारद म्हणून नोंदणी क्रमांक हाती पडला, याबद्दल आपले अभिनंदन. १९७२ च्या कायद्यानुसार नोंदणीवाचून हे बिरूद लावता येत नाही. तेव्हा ते मिरवावे कसे, हे बडोद्यात याच धंद्यात केस पांढरे केलेल्या माणसाकडून ऐकून ठेवावे.

लक्ष्मी विलास पॅलेसचे मूळ रचनाकार मेजर चार्ल्स मँट १८८१ मध्ये वारले. आपले गणित चुकले असून इमारत उभी राहणार नाही, या धास्तीने त्यांचे मन पोखरले होते, अशी कथा येथे अजून सांगतात. पुढे रॉबर्ट चिझम यांनी १८९० मध्ये काम पुरे केले आणि राजवाडा आजही ठणठणीत उभा आहे. यावरून एवढाच बोध घ्यावा की, गणिताची काळजी आपण करायची नसते. ती आरसीसीवाल्यावर, म्हणजे सळया-काँक्रीटचा हिशेब मांडणाऱ्या इंजिनिअरवर सोपवावी, त्याने ठेकेदारावर, ठेकेदाराने गवंड्यावर आणि गवंड्याने नारळ फोडून देवावर सोपवावी.

स्लॅबच्या दिवशी साईटवर जाणे टळलेच नाही, तर उभे कुठे राहायचे हे महत्त्वाचे. काँक्रीट सरसर पसरावे म्हणून मजूर मिक्सरमध्ये जादा पाण्याचा डबा ओततो, आणि त्या डब्यासरशी ताकद घटते हे आपण पाच वर्षे शिकलेले असतो. म्हणून नेमक्या त्या क्षणी आपला फोन वाजला पाहिजे. सळयांखाली त्यांना फळ्यांपासून उचलून धरणारे ठोकळे, म्हणजे कव्हर ब्लॉक, नसल्याने त्या फळ्यांवरच लोळत असतील, तरी खाली वाकून पाहू नये, कारण त्यांचा गंज छतातून डोकावायला काही वर्षे लागतात आणि तोवर आपले ऑफिस दुसरीकडे गेलेले असते. निदान सात दिवस पाणी मारायला हवे खरे. पण मे महिन्यातल्या बडोद्यात सकाळी भिजवलेली गोणपाटे दुपारी पापडासारखी कडक होतात, याला आपण काय करणार? भेटीच्या नोंदवहीत ‘काम समाधानकारक’ लिहावे आणि चहा संपवावा.

दांडिया बाजारातला वाडा विकून नदीकाठच्या सोसायटीत बंगला बांधणारे काका विचारतील, “अहो, जोते जरा उंच घ्याल का? इकडे पाणी येते म्हणतात.” त्यांना सांगावे, “काका, पायऱ्या वाढल्या की एलेव्हेशन बिघडते.” ऑगस्ट २०२४ मध्ये विश्वामित्री नदीचे पाणी वस्त्यांत शिरले आणि त्याबरोबर मगरीही आल्या, ही गोष्ट काकांना ठाऊक असते; पण नकाशावर मगर दाखवण्याची पद्धत नाही आणि रजाचिठ्ठीत, म्हणजे बांधकामाच्या परवान्यात, तिचा रकानाही नाही.

व्यावसायिक आचरणाचे १९८९ चे नियम जरूर वाचावेत. मालक आणि ठेकेदार यांच्यात वास्तुविशारदाने निःपक्षपाती राहावे, असे त्यांत आहे. हे पाळणे अगदी सोपे आहे: दोघांकडूनही सारखेच घ्यावे. टाइल्सच्या दुकानातून दिवाळीला येणारे पाकीट या हिशेबात धरू नये, तो सणाचा भाग झाला.

मग काकांच्या दिवाणखान्याच्या छताला पहिल्या पावसाळ्यात ताटलीएवढा पिवळा डाग उमटेल. तो हवेतला दमटपणा आहे, असे त्यांना सांगावे. दुसऱ्या पावसाळ्यात गच्चीच्या कोब्याला दोष देऊन ठेकेदाराचा नंबर द्यावा. तिसऱ्या पावसाळ्यापर्यंत ठेकेदाराने नंबर बदललेला असतो.