काचेला रविवारी सुट्टी असते

आज सकाळी चर्चच्या टपालपेटीत माझ्या नावाचं पाकीट निघालं. आत कचऱ्याचं रंगीत पत्रक: पेट्यांची चित्रं, आणि खाली तीच माहिती जर्मन, इंग्रजी, तुर्की, अरबी अशी ओळीने. एका वाक्याखाली कोणीतरी लाल पेनाने पट्टी लावून दोन रेघा मारल्या होत्या. काच टाकण्याची वेळ: सोमवार ते शनिवार, सकाळी ७ ते संध्याकाळी ७. पाठवणाऱ्याचं नाव नव्हतं. पट्टी लावून रेघ मारणारा माणूस या गावात कोण आहे, ते मला सांगायला नकोच.

मी वसईचा. पुण्याला सेमिनरी, मग दीक्षा, मग जर्मन भाषेचा क्लास, आणि आता बव्हेरियातल्या एका खेड्यात सहायक धर्मगुरू. इथे मला ‘हेर काप्लान’ म्हणतात, म्हणजे ‘श्रीयुत सहायक पाद्री’. वसईत पासष्ट वर्षांची मावशीसुद्धा डोक्यावर पदर घेऊन ‘फादर, आशीर्वाद द्या’ म्हणते. त्यामुळे माझ्याही मनात स्वतःबद्दल थोडं काही तयार झालं असेल. ते इथे पहिल्या आठवड्यातच उतरलं.

झालं ते असं. ऑक्टोबरातला मिशन रविवार, म्हणजे जगभरच्या मिशनकार्यासाठी दान जमवायचा रविवार. मिशनरी म्हणून मलाच प्रवचन. वेदीपुढे पृथ्वीचा गोल, त्याच्या शेजारी भारताचं प्रतीक म्हणून सुपरमार्केटातला एक नारळ, आणि त्या दोहोंच्या मध्ये मी. प्रवचन बरं झालं, दानही बरं जमलं. नंतर हॉलमध्ये पांढरे सॉसेज आणि गव्हाची बिअर. मी खोलीवर आलो, कपाटाखाली साठलेल्या काचेच्या बरण्या एका पिशवीत भरल्या आणि कोपऱ्यावरच्या, जुनी काच टाकायच्या कंटेनरपाशी गेलो. पहिली बरणी आत टाकली. मान्य, आवाज झाला. काचेचा होतो.

“हेर काप्लान!”

मागे एक आजोबा. हिरवी टोपी, टोपीला पीस, आणि हातात रोलेटर, म्हणजे म्हाताऱ्यांची ती ब्रेक असलेली चारचाकी ढकलगाडी. त्यांनी आधी डावा ब्रेक लावला, मग उजवा. इथे दोन्ही ब्रेक लावणारा म्हातारा पंधरा मिनिटं हलत नाही, हे मला तोवर ठाऊक नव्हतं.

“आज वार कोणता?”

मला वाटलं, वय झालंय, विसरले असतील. अशा वेळी धर्मगुरूने वापरायचा तो मऊ आवाज काढून मी म्हणालो, “आज रविवार आहे.”

“अस्सं. मग?”

मी मिशन रविवारची मिस्सा, म्हणजे उपासना, करून, त्याच रविवारवर प्रवचन देऊन, त्याच रविवारचा झगा खुंटीला टांगून आलेलो. मला विचारतायत, मग?

आजोबांनी बोटाने कंटेनरवरची पाटी दाखवली. रविवारी काच टाकत नाहीत. का? तर विश्रांतीचा दिवस. हे कुठे लिहिलंय? मला वाटलं दहा आज्ञा काढतील. छे. त्यांनी जर्मनीची राज्यघटना काढली. १९१९ च्या वायमार घटनेचं कलम १३९, जे १९४९ च्या घटनेने कलम १४० मधून जसंच्या तसं आपल्यात घेतलं. रविवार आणि मान्य सुट्ट्या हे कामापासून विश्रांतीचे आणि आत्मिक उन्नतीचे दिवस म्हणून कायद्याने राखले जातील. पाठ होतं त्यांना. आमच्याकडे प्रार्थनेतला विश्वासांगीकार सुद्धा लोक मधल्या दोन ओळी पुटपुटून म्हणतात.

“माझी आत्मिक उन्नती चालू होती,” आजोबा म्हणाले. “खिडकीत बसून. तुमच्या बरणीने ती मोडली.”

मी जमेल तेवढ्या गोडीत म्हटलं, “पण सकाळी मिस्सेला दिसला नाहीत.”

“मी चर्च कधीच सोडलं.”

हे त्यांनी मी कांदा खात नाही, इतक्या सहज सांगितलं. इथे चर्च सोडणं हा आध्यात्मिक प्रकार नसून कार्यालयीन आहे. नोंदणी कार्यालयात जायचं, ओळखपत्र दाखवायचं, सही करायची, फी भरायची. कारण इथे चर्चचा कर आहे, बव्हेरियात तुमच्या प्राप्तिकराच्या ८ टक्के, बहुतेक इतर राज्यांत ९. एकट्या २०२२ साली पाच लाखांवर कॅथलिकांनी असं नाव काढलं. मी त्या पाच लाखांना परत आणायला आलोय, असं आमच्या वाडीतले लोक समजतात. पाच लाख राहू देत, एक आजोबा माझ्यासमोर उभे होते, आणि मला देवाचा दिवस पाळायला शिकवत होते.

तेवढ्यात बाराची घंटा सुरू झाली. ही साधी टणटण नव्हे, पोटात घुमणारी घंटा. तिच्यापुढे बोलताच येत नाही. आणि मी पाहतो तर चर्च सोडलेल्या आजोबांनी टोपी काढली, छातीशी धरली, मान खाली घातली. मीही नाइलाजाने दूतवंदनेची प्रार्थना म्हटली, हातात लोणच्याची बरणी धरून. घंटा थांबली. टोपी डोक्यावर गेली.

“तर, बरणी,” आजोबा म्हणाले.

मी म्हटलं, माफ करा, पण ही घंटा माझ्या बरणीपेक्षा शंभरपट मोठी वाजते. पाव-पाव तासाला ठोके, रात्रीसुद्धा. माझी खोली मनोऱ्याला लागून आहे. मी इथे आल्यापासून सलग झोपलेलो नाही.

“हो. पण ती वेळेवर वाजते.”

यावर काय बोलणार? मी पिशवी उचलली. पण ब्रेक अजून लागलेलेच होते. आजोबांनी पिशवीत डोकावून एक निळी बाटली वर काढली.

“ही कुठे टाकणार होतात?”

कंटेनरला तोंडं तीन: पांढरं, तपकिरी, हिरवं. निळं तोंड नाही. मी पांढऱ्याकडे हात केला. आजोबांनी डोळे मिटले. मग त्यांनी मला भट्टी समजावून सांगितली. पांढऱ्या काचेला परका रंग जरासुद्धा खपत नाही, हिरवी बिचारी सोसून घेते, म्हणून निळी हिरव्यात. पाण्याचा पेला, चिनी मातीचा कप यांतल्या कशातच नाही, ते वेगळ्या तापमानाला वितळतात. बिअरची बाटली इथे आणायचीच नाही, ती दुकानात परत, आठ सेंट मिळतात. हे सगळं ज्ञान उत्तमच. फक्त ते रविवारी दुपारी बाराला, चार अंश थंडीत द्यायचं कारण मला कळलं नाही. रविवारी काच टाकायला बंदी आहे, काचेवर व्याख्यानाला नाही, असं दिसतं.

मग लोणच्याची बरणी. त्यांनी झाकण उघडून वास घेतला. तिच्यात आईने दिलेलं सुक्या बोंबलाचं लोणचं होतं. युरोपात भारतातून मांस आणि दुधाचे पदार्थ आणता येत नाहीत, मासळी मात्र माणशी वीस किलो चालते. हा नियम कळल्यावर आईने जणू मला फक्त बोंबील पोचवायलाच विमानात बसवलं. त्यातले चार बोंबील मी इथे पहिल्यांदा भाजले, तेव्हा पाद्रीवाड्याच्या हाऊसकीपर बाईंनी एक शब्दही न बोलता सगळ्या खिडक्या सताड उघडल्या आणि त्या रात्रीपर्यंत तशाच ठेवल्या.

“धुतलेली नाही,” आजोबा म्हणाले.

“धुतलीय.”

“मग हा वास?”

“तो जात नाही.”

आजोबांनी मान हलवली आणि बरणी परत पिशवीत ठेवली. मग अगदी प्रेमळ आवाजात विचारलं, “तुमच्याकडे भारतात रविवार असतो का हो? तिकडे तर कचरा सगळा नदीतच टाकतात ना? मी टीव्हीवर पाहिलंय.”

इथपर्यंत मला हसू येत होतं. इथून पुढे आलं नाही.

सांगण्यासारखं खूप होतं. वसई १५३४ मध्ये पोर्तुगीजांकडे गेली, तेव्हापासून आमच्याकडे रविवारच रविवार आहे. माझ्या वसईत जन्मलेले संत गोन्सालो गार्सिया मिशनरी म्हणून जपानला गेले, तिथली भाषा घडघड बोलू लागले, १५९७ मध्ये नागासाकीला त्यांना क्रुसावर चढवलं, आणि १८६२ मध्ये ते संत झाले. त्यांना क्रूस मिळाला, मला काचेचा कंटेनर. प्रमाण ज्याचं त्याचं. आणि आजोबा, तुमच्याच देशातले जेजुइट धर्मगुरू आमच्या मुंबई-पुण्याला आले, १८६९ मध्ये सेंट झेवियर्स कॉलेज काढलं, पहिल्या महायुद्धात इंग्रजांनी त्यांना शत्रू म्हणून डांबून परत पाठवलं, तरी आमच्याकडचे लोक अजून त्यांचं नाव काढतात. त्यांना भायखळ्याच्या कोणत्या म्हातारीने रस्त्यात अडवून आज वार कोणता विचारलं होतं?

हे सगळं मराठीत आलं, तेही डोक्यात. तोंडातून जर्मनमध्ये एवढंच निघालं: “हो, रविवार असतो.”

“छान, छान,” आजोबा म्हणाले, आणि ब्रेक काढले. आधी उजवा, मग डावा.

खरं तर त्या आजोबांचा तेवढा राग नाही. सकाळच्या त्या नारळाचा जास्त आहे. दानपेटीजवळ एका उघड्या पायांच्या सावळ्या पोराचा फोटो होता, माझ्यापेक्षा फार गोरा नव्हता. प्रवचनानंतर लोक माझ्याशी हात मिळवत होते, आणि त्या फोटोकडे बघून मग माझ्याकडे बघत होते. मी त्यांच्यासाठी आलोय, की ते माझ्यासाठी वर्गणी काढतायत, हे त्या हॉलमध्ये कोणालाच नीट ठरवता येत नव्हतं. मलाही.

संध्याकाळी हाऊसकीपर बाईंना सगळा प्रकार सांगितला. त्यांनी एकदाच मान डोलावली. माझ्या आधीचा पोलिश काप्लान म्हणे रविवारी गाडी धूत होता. त्याला आजोबांनी लेखी कळवलं होतं, प्रत बिशपांना. म्हणजे मला नुसतं पत्रक आलं, ही बढतीच. मुख्य फादरांना वाटलं मी सहानुभूती मागतोय. ते म्हणाले, “पण तो बरोबरच बोलला.”

बरण्या अजून माझ्या खोलीत आहेत. आठवडाभर दिवसा वेळ नाही, रात्री सातनंतर काचेला झोप लागते, आणि येता शनिवार म्हणजे १ नोव्हेंबर, सर्व संतांचा सण, बव्हेरियात सरकारी सुट्टी, म्हणजे कंटेनरही बंद. त्या दुपारी सगळं गाव दफनभूमीत जमतं आणि काप्लानने एकेका कबरीवर पवित्र पाणी शिंपडायचं असतं. आजोबांच्या बायकोची कबर तिसऱ्या रांगेत आहे, ते दरवर्षी येतात, असं बाईंनी आवर्जून सांगितलंय. दफनभूमीच्या फाटकातही कचऱ्याच्या पेट्या ओळीने उभ्या आहेत: फुलं एकीत, मेणबत्त्यांचं लाल प्लास्टिक दुसरीत, उरलेलं तिसरीत. पवित्र पाण्याची रिकामी बाटली कशात टाकायची, ते मी आजच विचारून घेतलंय. कशातच नाही. तिच्यावर पंचवीस सेंट डिपॉझिट आहे.