स्क्रोल सॉ घेताना वॅट नको, क्लॅम्प बघा

गणपती जवळ आले की घरच्या घरी प्लायचं मखर करणाऱ्यांच्या ग्रुपवर एक मेसेज फिरायला लागतो, यंदाही आलाच. त्यात म्हटलंय की स्क्रोल सॉ (बारीक ब्लेड वर-खाली चालवून लाकडात नक्षी कापणारं टेबलावरचं मशीन) घेताना वॅट आणि थ्रोट एवढे दोनच आकडे बघा, जितके मोठे तितकं चांगलं. पिनवाल्या ब्लेडचं, म्हणजे ब्लेडच्या टोकांना आडवी पिन असते तसलं मशीन घ्या, नवशिक्याला सोपं जातं. बजेट नसेल तर जिगसॉ (हातात धरून चालवायची विजेची करवत) टेबलाखाली उलटा बसवा, काम तेच होतं. आणि अमेरिकेतून कोणी येणार असेल तर तिकडूनच मागवा. वाचायला झक्कास, पण यावर विसंबून पैसे घातले तर मशीन माळ्यावर जाणार हे नक्की.

वॅटचं आधी. लोक जिगसॉचे ५००-६०० वॅट बघतात आणि मग स्क्रोल सॉवर ९० किंवा १२० लिहिलेलं बघून म्हणतात हे काय खेळणं आहे. अहो, इथलं ब्लेड जेमतेम एक-दीड मिलिमीटर रुंद, त्याला जास्त ताकद देऊन करणार काय, तुटेलच ना. पातळ प्लाय आणि इंचभर सागाला १२० वॅट आरामात पुरतात. बघायचं ते स्पीड कमीजास्त होतं का, म्हणजे मिनिटाला साधारण ४०० ते १६०० स्ट्रोक (ब्लेडच्या वर-खाली फेऱ्या), कारण अ‍ॅक्रिलिक फुल स्पीडला कापायला गेलात तर ते वितळून ब्लेडमागे परत चिकटतं.

थ्रोट म्हणजे ब्लेडपासून मागच्या खांबापर्यंतचं अंतर. १६ इंच थ्रोट असेल तर ३२ इंची गोल फळीच्या मध्यापर्यंत ब्लेड पोचतं, घरच्या मखराला आणखी काय पाहिजे? त्याहून मोठं मशीन वन बीएचकेच्या बाल्कनीत ठेवलं तर कपडे कुठे वाळत घालणार ते आधी घरी विचारून घ्या.

आता पिन. मेसेजमधला सगळ्यात नडणारा सल्ला हाच, कारण पहिल्या दिवशी तो खरा वाटतो, पिनचं ब्लेड खाचेत अडकवलं की झालं. पण स्क्रोल सॉ आपण घेतो कशाला? आतली नक्षी कापायला. आतलं कापायचं तर आधी ड्रिलने भोक पाडायचं, ब्लेड वरून सोडवायचं, भोकातून ओवायचं, परत अडकवायचं, आणि हे प्रत्येक भोकाला. पिनवालं ब्लेड पिनसकट भोकातून जायला पाहिजे, म्हणजे भोक चार-पाच मिलिमीटरचं, आणि पिनलेसला, म्हणजे साध्या टोकांच्या, क्लॅम्पमध्ये आवळायच्या ब्लेडला, एक-दीडमध्ये काम होतं. देवनागरी नेमप्लेट करून बघा म्हणजे कळेल, शिरोरेषा असल्यामुळे प, म यांची पोटं बंद, 'व'चं तर मुळातच बंद. इंचभर अक्षरातल्या 'व'च्या पोटात पाच मिलिमीटरचं भोक पाडलं तर कापायला उरलं काय? शिवाय बारीक नंबरची ब्लेडं पिनमध्ये मिळतच नाहीत.

पिनलेस सुरुवातीला क्लॅम्पमधून सटकतं हे खरं आहे, नव्या ब्लेडला तेल असतं म्हणून. टोकं पॉलिशपेपरने जरा घासली की पकड बसते. दुकानात बघायचं ते हे की वरचा क्लॅम्प हाताने सुटतो की दर वेळी अ‍ॅलन की (षटकोनी पाना) शोधायची. जाळीत तीस भोकं असली तर तीस वेळा ते करायचंय, मग कंटाळा मशीनचा येतो आणि नाव आपल्या आळसाला.

उलट्या जिगसॉबद्दल, १८ एमएम प्लायमध्ये मोठी कमान कापायला ठीक आहे, मी नाही म्हणत नाही. पण ते ब्लेड एकाच टोकाला धरलेलं, रुंद, घट्ट वळणात वाकतं आणि कड तिरकी येते. खरंच बजेट नसेल तर हाताचा फ्रेट सॉ (यू आकाराच्या फ्रेमची बारीक करवत) घ्या, त्याला हीच पाच इंची पिनलेस ब्लेडं लागतात. आणि रात्री अकराला कापत बसलात तरी खालचे काका वर येणार नाहीत.

अमेरिकेचं मशीन १२० व्होल्ट, ६० हर्ट्झवर. ट्रान्सफॉर्मर लावून व्होल्ट उतरतात, हर्ट्झ आपले ५०च राहतात, त्यामुळे साधी इंडक्शन मोटर असेल, म्हणजे जिचा स्पीड हर्ट्झवर ठरतो ती, तर स्पीड सहाव्या हिश्शाने कमी. वर २० इंची चांगलं मशीन २५ किलोच्या आसपास, आणणाऱ्याची अख्खी बॅग त्यातच गेली.

आणि ज्याचा मेसेजमध्ये पत्ताच नाही ते व्हायब्रेशन. हलकं मशीन टेबलावर नाचतं, रेष हलते, ब्लेडं पटापट तुटतात. मुंबईत नागदेवी स्ट्रीटच्या हत्यारांच्या बाजारात जाऊन घेणार असाल तर दुकानदाराला मशीन चालू करायला लावा, टेबलावर पाचचं नाणं उभं ठेवा आणि हळूहळू स्पीड वाढवा. लगेच आडवं झालं तर पुढचं दुकान. मात्र मशीन तिथे घट्ट बसवलंय का ते बघून मग बोला, नुसतं काउंटरवर ठेवलेलं चांगलं मशीनही थरथरतं. घरी जाड प्लायवर बोल्ट करून खाली रबर मॅट टाकायची.

पैसे देण्याआधी शेवटचं विचारायचं, ३, ५ आणि ७ नंबरची पिनलेस ब्लेडं तुमच्याकडे मिळतात का. मिळत असतील तर डझनभर तिथेच घ्या आणि पावसाळ्यात सिलिका जेलच्या पुड्या टाकून डब्यात ठेवा, आपल्याकडच्या हवेत उघडी राहिली की गंज धरतात.