पारव्याची शेपटी

आमच्याकडे एक जुनं सागवानी कपाट आहे, आजोबांच्या वेळचं, वाईहून टेम्पोतून पुण्याला आलेलं. त्याचा खालचा खण गेल्या दिवाळीच्या आवराआवरीत ओढला आणि माझ्या हातात फक्त मूठ आणि पुढची फळी आली, बाकीचा खण वाळवीने आधीच खाल्लेला. आता एवढं झाल्यावर शहाणा माणूस सुतार बोलावतो. मी पण बोलावला. सुतारकाकांनी आत बॅटरी मारली आणि म्हणाले, "साहेब, प्लायचा खण करतो, चॅनेल टाकतो, दोन तासांत मोकळे." पण मी तोपर्यंत त्या पुढच्या फळीचं टोक निरखत बसलो होतो. एकही खिळा नाही, नुसते पंख्यासारखे पसरलेले दात एकमेकांत अडकवलेले. ह्याला डव्हटेल म्हणतात हे मला व्हिडिओंमुळे माहिती होतं. डव्ह म्हणजे आपला पारवा, आणि सांध्याचा दात त्याच्या शेपटीसारखा, मुळाशी अरुंद आणि टोकाशी रुंद, म्हणून खण कितीही ओढला तरी पुढची फळी सुटून येत नाही. म्हणलं, काका, हे मी करणार.

काका काही बोलले नाहीत. फक्त चहा संपवला.

माझी बाजू ऐका. 31 वर्षं बँकेत काढली, स्वेच्छानिवृत्ती घेऊन आठ महिने झालेले, आणि व्हिडिओतला तो दाढीवाला माणूस अख्खा सांधा बारा मिनिटांत कापतो, त्यातली दोन मिनिटं नुसता हसतो. शिवाय हा सांधा काही आजचा नाही, प्राचीन इजिप्तच्या थडग्यांत सापडलेल्या लाकडी सामानातही तो आहे. त्या लोकांकडे तांब्याची नाहीतर काशाची हत्यारं होती. माझी क्रोम व्हॅनेडियमची होती, घरपोच आलेली.

सागवान आणायला भवानी पेठेतल्या टिंबर मार्केटमध्ये गेलो. भाव ऐकून मी जरा मागे सरकलो तर दुकानदार म्हणतो, "काका, चंद्रपूरचा साग आहे, अयोध्येला राममंदिराच्या दारांना हाच गेला 2023 ला." आता ह्यावर घासाघीस करायची म्हणजे थेट पापच. सहा इंच रुंद, पाऊण इंच जाड अशा फळ्या घेतल्या, आणि हात बसावा म्हणून कोपऱ्यात पडलेल्या पॅकिंगच्या खोक्याच्या पाइनच्या चार पट्ट्या फुकट मागून घेतल्या. अख्ख्या प्रकरणात शहाणपणाचा निर्णय तो एवढाच.

आता शेपटीचा उतार. कडक लाकडाला आठास एक, मऊ लाकडाला सहास एक. जास्त तिरपा केला तर कोपरे उडतात, कमी केला तर सांधा धरत नाही. त्यासाठी एक पितळी साचा मिळतो पण तोपर्यंत घरात माझ्या खरेदीवर बंदी आलेली होती, त्यामुळे भाचीच्या लग्नाच्या पत्रिकेचा जाड पुठ्ठा घेऊन त्यावर आठ सेंटिमीटर उभं, एक सेंटिमीटर आडवं मोजून साचा कापला. साच्यावर अजून "आमच्या येथे श्रीकृपेकरून" एवढं शिल्लक आहे.

करवत जपानी मागवली होती. ती ओढताना कापते, ढकलताना नाही, आणि पातं पत्र्यासारखं पातळ. हे मला पाठ होतं. पण शाळेत कार्यानुभवाच्या तासाला हात जो ढकलायला शिकला तो शिकला. पहिल्याच झटक्याला पातं धनुष्यासारखं वाकलं आणि असा काही आवाज आला की बाल्कनीतले खरे पारवे उडून समोरच्या बिल्डिंगवर गेले. तिथून बघत बसले.

रेघेबद्दल मात्र बोललंच पाहिजे, कारण खरा घोळ तिथे आहे. बँकेत रेघ म्हणजे रेघ, वर एक खातं आणि खाली दुसरं. लाकडावर रेघेला जाडी असते! पेन्सिलची रेघ अर्धा मिलिमीटर, करवतीची चीर आणखी अर्धा मिलिमीटर, मग कापायचं कुठे, रेघेच्या अलीकडे, पलीकडे का रेघेवरच? तर रेघ अख्खी शिल्लक ठेवायची आणि चीर टाकाऊ बाजूला घ्यायची. म्हणून आधी चाकूने रेघ मारायची आणि जो भाग काढून टाकायचा त्यावर फुली करायची म्हणजे गोंधळ होत नाही. असं तो दाढीवाला म्हणतो. तो बँकेत नव्हता.

मी शेपट्यांच्या फळीवर व्यवस्थित फुल्या मारल्या, कापल्या, वाकड्यातिकड्या का होईना चार शेपट्या झाल्या. मग ती फळी दुसऱ्या फळीच्या टोकावर धरून चाकूने आकार उतरवून घेतला, आणि इथे उत्साहाच्या भरात फुलीऐवजी जो भाग ठेवायचा त्यावर टिक केली. तेवढ्यात गॅसवाला आला. त्याला ओटीपी देऊन परत येऊन बसलो, समोर टिका दिसल्या, आणि 31 वर्षांच्या सवयीचा हात, टिक दिसली की ती एंट्री निकाली काढायची, काढली निकाली. एकूण एक. अर्धा तास तोंडातून जीभ बाहेर काढून इतकं सरळ कापलं की माझं मलाच कौतुक वाटलं. मग दोन्ही फळ्या जुळवायला गेलो तर शेपटीसमोर शेपटी आणि खाचेसमोर खाच.

आई सोफ्यावरून बघत होती. म्हणाली, "अरे, दोन्हीकडनं पाहुणेच आलेत की. यजमान कोणेय?"

पुढच्या पट्टीला पटाशीने दगा दिला. मधला भाग काढायला पटाशी बरोब्बर रेघेवर ठेवली आणि वरून हाणली, तर ती रेघ ओलांडून मागे शिरली. पटाशीची धार एकाच बाजूने उतरती असते, त्यामुळे ती लाकडात पाचरीसारखी घुसते आणि उतार तिला मागे रेटतो. रेघेपासून जरा लांब ठोकत यायचं आणि रेघेवर शेवटी, अलगद. तेही अर्धं ह्या बाजूने, अर्धं उलटवून त्या बाजूने, नाहीतर खालचे पापुद्रे निघतात. हे मला सुतारकाकांनी सांगितलं, जे "सहज डोकावलो" म्हणत आले होते आणि माझ्या मते मजा बघायला आले होते. त्यांनी माझी नवीकोरी पटाशी उचलली, स्वतःच्या मनगटावरच्या केसांवर फिरवली, एक केस हलला नाही. "साहेब, ह्याने श्रीखंड वाढा." दुकानातून आलेल्या पटाशीला धार असते हा माझा समज होता. मग तासभर मी दगडावर पाणी टाकून घासत बसलो. संध्याकाळपर्यंत पटाशीला धार आली, आणि माझ्या डाव्या मनगटावर रुपयाएवढं टक्कल.

पाइन संपलं. तिसरी-चौथी पट्टी बसताना तडकली कारण सांधा अर्ध्यात अडकला आणि मी प्रेमाने हातोडी मारली. त्यावर जास्त बोलायचं नाहीये.

शेवटी सागवान. तीन दिवस, चार कोपरे. ह्या दिवसांत बायको माझ्याशी फक्त झाडूबद्दल बोलली, भुसा फ्रीजच्या वर पण कसा जातो वगैरे. चौथ्या दिवशी खण उभा राहिला. खण म्हणावा असाच. फटी होत्या, नाही असं नाही, एका फटीत एटीएम कार्ड आरामात जात होतं, आणि ते मी आत घालून बघितलं ही माझीच चूक, कारण परत काढायला चिमटा लागला. भुसा आणि फेव्हिकॉल कालवून भरणार होतो पण काकांनी हात धरला. त्याच सागाची पातळ कपची काढली, फेव्हिकॉल लावून फटीत सरकवली, वाळल्यावर पटाशीने सपाट केली. फट गेली. मला पण जमलं. अकरा ठिकाणी जमवावं लागलं.

एवढं झाल्यावर आजोबांच्या कपाटातला वरचा, शाबूत खण बाहेर काढला, म्हणलं त्या जुन्या कारागिराचं काम शेजारी ठेवून एकदा बघावं आणि काय ती लाज एकदाच वाटून घ्यावी. पुढचे सांधे, काय सांगू, केसाची फट नाही. मग खण उलटा करून मागच्या कोपऱ्यावर, जो सत्तरएक वर्षं भिंतीकडेच तोंड करून होता, मोबाइलचा टॉर्च मारला. एका शेपटीच्या कडेला बारीक, जरा वेगळ्या रंगाची रेघ दिसली. नखाने टोकरून बघितली.

कपची.

"आई, चष्मा दे तुझा," मी ओरडलो, आणि दुसरी शोधायला लागलो.