‘चक्कर’ आणि तिच्या पोटातले आजार: एका प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार सर,

तुमची प्रतिक्रिया सावकाश वाचली. मागच्या लेखात मी लिहिलं होतं की आपल्या नागपुरात ‘चक्कर’ या एकाच शब्दात डझनभर आजार दाटीवाटीने बसलेले असतात. त्यावर तुमचे आक्षेप तीन. घेरी, भोवळ, गरगरणं, अंधारी, झोक जाणं असे शब्द मराठीत असताना डॉक्टरांनी ते एकेका आजाराला नेमून द्यावेत, ‘चक्कर’ म्हणणाऱ्या रुग्णावर खापर फोडू नये, हा पहिला. मे महिन्यात इथे चक्कर म्हणजे ऊन, मीठ-साखर-पाणी दिलं की भागतं, उगाच स्ट्रोकची, म्हणजे मेंदूच्या झटक्याची, भीती का घालता, हा दुसरा. आणि चकरेच्या कारणांतून मानेच्या मणक्यांना मी फार स्वस्तात सोडून दिलं. तुमच्या आईंना मानेच्या पट्ट्याने आणि गोळ्यांनी आराम पडला तो काय खोटा, हा तिसरा.

ज्यांचं आयुष्य मराठी शिकवण्यात गेलं त्यांनी पहिला आक्षेप घ्यावा हे साहजिकच. पण तुम्ही सुचवताय तो प्रयोग इंग्रजीत करून झालाय. १९७२ साली ड्राकमन आणि हार्ट या अमेरिकी डॉक्टरांनी चकरेचे चार कप्पे पाडले: आजूबाजूचं फिरतंय असं वाटणं, शुद्ध हरपेल असं वाटणं, चालताना तोल जाणं, आणि डोकं नुसतंच हलकं होणं. फिरतंय म्हणाला की कान बघा, शुद्ध हरपतेय म्हणाला की हृदय आणि रक्तदाब, तोल जातोय तर नसा-मेंदू, आणि काहीच धड सांगता आलं नाही तर मनाचं काहीतरी. आम्हीही कॉलेजात हेच घोकलं. पुढे २००७ मध्ये छापून आलेल्या एका अभ्यासात इमर्जन्सी विभागातल्या रुग्णांना हे प्रकार विचारले आणि काही मिनिटांनी तोच प्रश्न पुन्हा केला. निम्म्याहून अधिक लोकांनी दुसऱ्या वेळी वेगळंच उत्तर दिलं. चक्कर किती वेळ टिकते आणि कशाने येते, याची उत्तरं मात्र त्यामानाने पक्की निघाली.

म्हणून ‘भोवळ म्हणू की घेरी’ या वादात मला पडायचं नाही. हृदयाच्या ठोक्यांची गडबड असलेला माणूसही ‘घर फिरलं’ म्हणतो आणि कानाचा रुग्णही ‘डोळ्यांपुढे अंधारी आली’ म्हणतो. रुग्णाने खुशाल ‘चक्कर येऊन राहिली’ म्हणावं. खापर मी त्याच्यावर फोडलेलंच नाही. माझी तक्रार आहे ती ‘चक्कर’ ऐकल्याबरोबर चिठ्ठी लिहायला घेणाऱ्या आमच्या जमातीबद्दल. विचारायचं ते हे: कधी येते, किती वेळ राहते, तेव्हा तुम्ही काय करत होता? कूस बदलताना येऊन मिनिटभरात जाते, ती बहुधा कानाची. वीस मिनिटांपासून काही तास टिकते, सोबत एका कानात आवाज येतो आणि ऐकू कमी येतं, तो मेनिएचा आजार. प्रॉस्पर मेनिए या पॅरिसच्या डॉक्टरांनी १८६१ मध्येच या चकरेचं मूळ आतल्या कानात आहे हे दाखवून दिलं होतं. दिवसचे दिवस सतत राहते, ती कानाच्या नसेची सूज असू शकते किंवा मेंदूच्या मागच्या भागातला स्ट्रोक. इथे खरी गोम आहे, कारण पहिल्या एक-दोन दिवसांत असा छोटा स्ट्रोक एमआरआयलाही कधी कधी दिसत नाही.

आता ऊन. ज्या शहराने २३ मे २०१३ ला ४७.९ अंश बघितलं, तिथे ऊन लागत नाही असं म्हणणारी मी वेडी नाही. पण उन्हातली चक्करही एकच नसते. घामाने पाणी गेलंय आणि त्यात रक्तदाबासाठी लघवी वाढवणारी गोळी सुरू आहे, असा माणूस खाटेवरून उठतो आणि धडपडतो. त्याचा रक्तदाब आधी पाच मिनिटं आडवं झोपवून आणि मग उभं करून तीन मिनिटांच्या आत मोजायचा. वरचा आकडा २० किंवा खालचा १० ने उतरला की कारण हाती आलं. खुर्चीत बसवून एकदाच मोजला तर तो नॉर्मल येतो आणि माणूस घरी जाऊन पुन्हा पडतो. दुसरा मधुमेहाचा. गोळी घेतली, पण उकाड्याने जेवण गेलं नाही. त्याची साखर ७० च्या खाली गेलेली असते. त्याला तुमचं साखरपाणी खरंच उपयोगी, फक्त ते उन्हावरचं औषध नव्हे. तिसरा असंबद्ध बोलतोय आणि अंग तापलंय. तो उष्माघात, शरीराचं तापमान ४० अंश सेल्सिअसच्या वर. त्याच्या तोंडात पाणी ओतू नका, ते श्वासनलिकेत जाईल. अंगावर पाणी मारत, वारा घालत थेट दवाखान्यात. या तिघांच्याही घरचे ‘ऊन लागलं’ एवढंच सांगतात. आणि विदर्भात सिकलसेलची, म्हणजे रक्ताच्या त्या आनुवंशिक आजाराची, कुटुंबं किती आहेत हे तुम्हाला सांगायला नको. तरुण मुलीला उन्हाळ्यात वारंवार चक्कर येते तेव्हा हिमोग्लोबिन बघितल्याशिवाय पन्ह्यावर भागवू नये.

स्ट्रोकची भीती घातली म्हणता. चकरेसोबत बोलणं अडखळलं, एकाचे दोन दिसले, एका बाजूची ताकद गेली किंवा धरल्याशिवाय उभंच राहता येईना, तर ती भीती वेळेवर वाटलेली बरी.

राहता राहिली मान. आईंना माळ्यावरचा डबा काढताना आणि पलंगावर कूस बदलताना गरगरतं, काही सेकंदांत थांबतं, असं तुम्हीच लिहिलंय. वर बघताना मान मागे जाते, म्हणून संशय मानेवर. पण कूस बदलताना मान धडासोबतच वळते, मुरगळत नाही; तरीही चक्कर येते. हलतं ते डोकं. आतल्या कानात कॅल्शियम कार्बोनेटचे बारीक कण असतात, ते जागा सोडून अर्धवर्तुळाकार नळीत उतरले की डोक्याच्या हालचालीबरोबर तिथला द्रव ढवळतात आणि मेंदूला वाटतं आपण फिरतोय. ‘घर फिरलं की वासेही फिरतात’ ही म्हण या आजारात शब्दशः खरी होते. साठीनंतर हा फार आढळतो. बऱ्याचदा तो काही आठवड्यांत आपणहून थांबतो, आणि तेवढ्यात गळ्यात पट्टा असेल तर श्रेय पट्ट्याला मिळतं. शिवाय पट्ट्यामुळे डोकं कमी हलतं, म्हणून चक्करही कमी येते. तेव्हा आराम खोटा नव्हता. तो कशामुळे, एवढाच आपला मतभेद.

यावर उपाय डोकं ठरावीक क्रमाने वळवून कण परत जागेवर नेण्याचा. जॉन एपली या अमेरिकी कान-नाक-घसा तज्ज्ञाने तो शोधला तेव्हा व्यवसायबंधूंनी त्याला हसण्यावारी नेलं होतं. आज जगभर तोच करतात. पाच-दहा मिनिटांचं काम, औषध नाही. पण मोबाइलवर व्हिडिओ बघून आईंवर करू नका. आधी कोणता कान ते तपासावं लागतं, आणि मणके झिजलेले असतील तर मान बेताने वळवावी लागते. तेवढ्यापुरता मणक्यांचा मान ठेवायलाच हवा.

गोळ्यांचं नाव तुम्ही लिहिलेलं नाही. ती प्रोक्लोरपेराझिन किंवा सिनारिझिन असेल आणि महिनोन्‌महिने सुरू असेल, तर आईंचे हात कापतात का, चाल मंदावलीय का, ते बघा; म्हातारपणी या गोळ्यांनी पार्किन्सनसारखी लक्षणं येऊ शकतात. जुन्या सगळ्या चिठ्ठ्या घेऊन एकदा कान-नाक-घसा तज्ज्ञांकडे जाऊन या, आणि तोवर रात्री उठताना त्यांना दोन मिनिटं पलंगाच्या काठावर बसून मग उभं राहायला सांगा.