कॉम्प्रेसर लागत नाही, म्हणून एसीत हंडीचा गॅस?

ऊन तापायला लागलं की जळगाव-भुसावळकडच्या ग्रुपांवर एक मेसेज फिरायला लागतो : 'गाडीच्या एसीचा कॉम्प्रेसर लागत नाही? गॅरेजवाल्यांची लूट थांबवा, घरीच करा.' यंदा तो माझ्या सासऱ्यांपर्यंत पोहोचला. त्यांचा फोन आला, "जावईबापू, एसीत घरच्या हंडीचा गॅस चालतो म्हणे?" हंडी म्हणजे स्वयंपाकाच्या गॅसचं सिलिंडर. नाही चालत, मामा. गाड्यांच्या वायरिंगचं काम करतो, म्हणून मेसेजमधला एकेक मुद्दा घेतो.

'कॉम्प्रेसर लागत नाही म्हणजे गॅस संपला.' कॉम्प्रेसर म्हणजे एसीतला थंडावा देणारा गॅस दाबून फिरवणारा पंप. काही वेळा हेच कारण असतं, मान्य. कॉम्प्रेसरला इंजिनाच्या पट्ट्याशी जोडतो तो त्याचा क्लच, गिअरचा नव्हे. गॅस कमी झाला की प्रेशर स्विच या क्लचचा करंट तोडतो. पण फ्यूज उडाला, रिले (करंट चालू-बंद करणारा छोटा स्विच) गेला, क्लचची कॉइल जळाली, कंडेन्सरचा (गॅस गार करणाऱ्या पुढच्या जाळीचा) पंखा बंद पडून दाब फार चढला, तरीही क्लच लागत नाही. मग दाब मोजायचं गेज न लावता गॅस संपल्याचं ठरवलं कोणी? एसीत आर-१३४ए हा गॅस असलेली गाडी बंद आणि इंजिन गार असेल, तर बाहेर ४० अंश असताना गेजचा काटा १३० पीएसआयच्या (दाबाचं माप) आसपास हवा. तो तीस-चाळीसवर पडला असेल तर गॅस गळालाय. काटा जागेवर असेल तर गॅसला हात लावू नका, आधी फ्यूज बघा.

'प्रेशर स्विचचं सॉकेट काढा, पिनेनं दोन वायरी जोडा.' हे लिहिणाऱ्याला स्विच कशासाठी आहे तेच ठाऊक नाही. कॉम्प्रेसरचं ऑइल गॅससोबत फिरतं. गॅस नसेल तर ऑइल परत येत नाही, कॉम्प्रेसर कोरडा फिरतो आणि जाम होतो. जाम होताना झिजलेल्या धातूचा चुरा कंडेन्सरपर्यंत जातो. मग खर्च एका कॉम्प्रेसरवर थांबत नाही. शिवाय आता बऱ्याच गाड्यांत तिथे तीन वायरींचा सेन्सर असतो. त्यातल्या कोणत्या दोन जोडायच्या?

आता तो हंडीचा गॅस. 'स्वस्तात मस्त थंडावा' असं मेसेजमध्ये लिहिलंय. थंडावा येतो, हे खोटं नाही. घरातल्या नव्या फ्रिजमध्येही आर-६००ए हा पेटणाराच गॅस असतो. पण फ्रिज त्यासाठीच बनवलेला असतो आणि त्यात तो अगदी थोडा असतो. गाडीचं कूलिंग कॉइल डॅशबोर्डच्या मागे असतं. ते गळालं की गॅस थेट आत येतो, आणि एसी लावला म्हणजे काचा बंदच. हवेत साधारण दोन टक्के एलपीजी, म्हणजे हाच हंडीचा गॅस, मिसळला की तो पेट घेऊ शकतो. गाडीच्या आत जेमतेम तीन घनमीटर हवा, म्हणजे शंभर-सव्वाशे ग्रॅम गॅस पुरतो. हा गॅस हवेपेक्षा जड, तो पायाशी साचतो, तिथे त्याहून कमीही पुरेल. मागच्या सीटवर पोरं असतात हो! आणि पुढे कधी तीच गाडी गॅरेजात आली, तर आर-१३४ए समजून पाइप खोलणाऱ्या पोराच्या तोंडावर तो गॅस सुटणार. त्याला कोण सांगणार आत काय भरलंय?

आपल्याकडे हे सांगायची वेळ यावी, याचाच संताप येतो. २०२४ च्या नोव्हेंबरमध्ये जळगावात इच्छादेवी चौकाजवळ गाडीत हंडीचा गॅस भरताना स्फोट झाला, माणसं होरपळली, काही दगावली. तिथे गॅस इंधन म्हणून भरत होते, एसीत नव्हे. पण हंडी तीच आणि गॅसही तोच.

कोणाचंच ऐकायचं नसेल तर बॉनेट उघडा. आत एसीचं स्टिकर असतं. त्यावर कंपनीनंच गॅसचं नाव आणि ग्रॅममध्ये वजन छापलेलं असतं. तिथे आर-१३४ए किंवा आर-१२३४वायएफ दिसेल, एलपीजी दिसणार नाही.

'क्लचवर पाना ठोका' या मेसेजमधल्या सल्ल्याबद्दल एवढंच, की चालू इंजिनाच्या पट्ट्याजवळ हात घालू नका.

मेसेजमधली एकच गोष्ट कामाची आहे : एसीचा रिले काढून तिथे हॉर्नचा लावून बघणे. दोन्हींचा नंबर सारखा असेल तरच. त्यानं क्लच 'टक' करून लागला, तर नवा रिले आणा, काम झालं. नाही लागला, तर एसी चालू ठेवून क्लचच्या सॉकेटवर मीटर लावायला सांगा. बारा व्होल्ट येत असतील आणि अर्थिंगची वायरही नीट असेल, तर दोष कॉइलचा किंवा क्लचमधल्या वाढलेल्या गॅपचा. व्होल्टेजच येत नसेल तर मागे जात जात स्विच, सेन्सर, वायरिंग तपासायचं. आणि गॅस खरंच कमी निघाला, तर आधी गळती शोधून घ्या, मग व्हॅक्यूम (आतली हवा ओढून काढणं), मग स्टिकरवरच्या वजनाइतकाच गॅस, वजनकाट्यावर मोजून.