बिनसोडियमचं मीठ

मिठाचा पुडा उचलला आणि मागून आवाज आला, "तुम्ही अजून हे केमिकलचं मीठ खाता?"

वाण्याचं दुकान, संध्याकाळची गर्दी. मागे ट्रॅकसूट घातलेले एक काका, हातात सैंधव. नववीला दुपारभर आयनिक बंध शिकवून आलो होतो. गप्प बसणं शक्यच नव्हतं.

"काका, सैंधवसुद्धा सोडियम क्लोराइडच."

"छे! यात सोडियम नसतं."

"मग काय असतं?"

"खनिजं."

काका रंगात आले. "आमच्या सरांनी सोडियमचा तुकडा पाण्यात टाकून दाखवला होता. भक्कन पेटला! तेच तुम्ही आमटीत घालता. आणि क्लोरीन? १९१५ साली जर्मनांनी शत्रूवर सोडला होता तो!"

वैताग याचा, की दोन्ही गोष्टी खऱ्या. रांगेतल्या एका बाईंनी आपला मिठाचा पुडा हळूच फळीवर परत ठेवला.

मी बिलाच्या पाठीवर वर्तुळं काढली. सोडियमच्या शेवटच्या कक्षेत एकच इलेक्ट्रॉन. तो क्लोरीनला दिला की उरले १०, निऑन या निष्क्रिय वायूसारखे; पेटायचं कारणच संपलं. एक धन, एक ऋण, बसले एकमेकांना धरून.

"म्हणजे क्लोरीन आहे, हे कबूल!" काकांनी रांगेला जाहीर केलं.

त्यांच्या पिशवीत तुरटीचा खडा होता. "ही मात्र नॅचरल हं."

मी लिहीत सुटलो. पोटॅशियमचा एक धनभार, ॲल्युमिनियमचे तीन. ते फेडायला दोन-दोन ऋणभारांची दोन सल्फेट मूलकं (भार असलेले अणूंचे गट), शिवाय पाण्याचे १२ रेणू. सल्फेट म्हणजे एक सल्फर, चार ऑक्सिजन. पाण्यात विरघळले तरी एकमेकांना सोडत नाहीत. ही बेरीज आमच्या शेवटच्या बाकालाही येते. (येत नाही. सूत्रातले कंस विसरतात. ते दुःख वेगळं.)

काकांनी त्यातलं ॲल्युमिनियम तेवढं वाचलं. खडा गल्ल्यावर आला. "परत घ्या हो."

शेठ माझ्यावर उखडले. "सर, शिकवणी वर्गात घ्या ना!" मला! काकांना चकार शब्द नाही. कसा असेल? सैंधव साध्या मिठाच्या कितीतरी पट महाग.

त्या फळीवरच्या पुड्यात पोटॅशियम आयोडेट असतं, गलगंड होऊ नये म्हणून मुद्दाम घातलेलं. त्यातलं आयोडेट हाही आयनच, म्हणजे भार असलेला कण, एक आयोडीन आणि तीन ऑक्सिजनचा. हे बाईंना सांगायला वळलो, तर त्या सैंधवाचे पैसे मोजत होत्या. काका त्यांना बिनआयोडीनचंच कसं शुद्ध, ते समजावत होते. माझ्याकडे वळून म्हणाले, "मास्तर ना तुम्ही? मग पुस्तकातलंच सांगणार."