कारल्याला उगाच बोल लावू नका

पावसाळा तोंडावर आला की परसबागेच्या व्हॉट्सॲप गटांवर एक मजकूर फिरायला लागतो. यंदा तो मला तीन ठिकाणांहून आला. सार असं: वेलभाज्या शेजारी-शेजारी लावू नका, परागीकरणाने दुधी कडू होतो, घरच्या भोपळ्याचं बी धरलं तर पुढच्या वर्षी काहीही उगवतं, बी शुद्ध राखायला किलोमीटरभर अंतर लागतं, तेव्हा दरवर्षी पाकीट आणलेलंच बरं. खाली हात जोडलेलं चित्र.

‘कारल्याशेजारचा दुधी कडू होतो.’ नाही होत. दोघं एकाच कुळातले असले तरी त्यांचे वंश वेगळे. कारल्याचा पराग दुधीच्या फुलावर पडला तरी त्यातून बी धरत नाही. आणि त्यांची गाठ पडणार तरी कधी? कारल्याचं फूल पहाटे उमलतं, दुधीचं पांढरं फूल दिवस कलल्यावर. दुधी कडू होतो तो क्युकरबिटासिन नावाच्या कडू, विषारी द्रव्यामुळे. ते वाढतं वेलाला पाण्याचा ताण पडल्याने, नाहीतर मुळात बियाण्यातच कडूपणा असल्याने. असा दुधी शिजवूनही सुधारत नाही. सरळ टाकून द्यावा, आणि त्याचा रस तर मुळीच पिऊ नये.

याच्याच पोटातला दुसरा गैरसमज जास्त पसरलाय: परका पराग लागला की यंदाचंच फळ बिघडतं. फळाची साल आणि गर आईच्या वेलाचे असतात, बी तेवढं दोघांचं. म्हणजे शेजारच्या गच्चीवरून मधमाशीने काहीही आणलं तरी यंदाचा भोपळा आईसारखाच लागणार. घोटाळा झाला असेल तर तो बियांत लपलेला असतो आणि पुढच्या वर्षी वेलावर दिसतो.

‘काहीही उगवतं.’ हे अर्धं खरं आहे. काहीही नाही, पण नात्यातलं उगवू शकतं. लाल भोपळा (तुमच्याकडे डांगर म्हणत असतील), दुधी, काकडी, कारलं, पडवळ, कोहळा ही सगळी एका मांडवावर चढवा, एकाचं दुसऱ्याशी जमत नाही. काकडी आणि खरबुजाचा वंश एक, तरी त्यांचंही जमत नाही. गुणसूत्रांची संख्याच वेगळी, १४ आणि २४. पण खरबूज, चिबूड आणि वाळूक ही एकाच जातीची भावंडं. मी एकदा खरबुजाशेजारच्या चिबडाचं बी धरलं आणि पुढच्या वर्षी जे आलं ते धड गुळाबरोबर खायचं नव्हतं, धड कापून खायचं. दोडका-घोसाळ्याचाही संकर होऊ शकतो. झुकिनी आणि शोभेचे छोटे कडू भोपळे एकाच जातीचे, आणि ही जोडी खरी धोक्याची, कारण तो कडूपणा बियांतून पुढच्या झुकिनीत उतरू शकतो. देशी लाल भोपळ्याला मात्र भीती मुख्यतः दुसऱ्या वाणाच्या लाल भोपळ्याचीच.

‘किलोमीटरभर अंतर लागतं.’ हा हिशोब एकरांनी बियाणं पिकवणाऱ्यांचा. तिथे प्रत्येक फुलामागे माणूस उभा करता येत नाही, म्हणून दोन वाणांत अर्धा ते एक किलोमीटर मोकळं सोडतात. आपल्याला एक-दोन भोपळ्यांचं बी हवंय. त्याला सुती दोरा पुरतो.

मादी फुलाच्या पाकळ्यांखाली इवलासा भोपळा असतो. नर फूल नुसत्या लांब देठावर. उद्या उमलणाऱ्या कळीच्या टोकाला आदल्या संध्याकाळी पिवळा रंग चढतो. अशा दोन मादी आणि तीन-चार नर कळ्या हेरून त्यांची तोंडं दोऱ्याने बांधा. नर शक्यतो त्याच वाणाच्या दुसऱ्या वेलावरचे घ्या. एकच वेल असेल तर त्याच्यावरचेही चालतात. सकाळी नऊच्या आत नर फुलं तोडून पाकळ्या काढा, मादी फुलाचा दोरा सोडा आणि पराग आत हलक्या हाताने फिरवा. तेवढ्यात एखादा भुंगा घुसला तर ते फूल बियाण्यातून बाद. पराग लावून झाला की मादी फुलाचं तोंड पुन्हा बांधा. देठाला रंगीत लोकर गुंडाळायला विसरू नका, नाहीतर राखलेला भोपळा कुठला हे कोणालाच आठवत नाही आणि तो घारग्यांत जातो. (आमच्याकडे गेलाय.)

निम्मी फुलं गळतील. हात लावल्यामुळे गळाली असं समजून सोडून देऊ नका. पावसाच्या झडीत पराग भिजतो, उघडीप बघून करा. दुधीला हेच सगळं, फक्त दुपारी बांधायचं आणि तिन्हीसांजेला पराग लावायचा.

बियाण्याचा भोपळा देठ वाळेपर्यंत आणि सालीत नख रुतेनासं होईपर्यंत वेलावर ठेवा. उतरवल्यावरही तीनेक आठवडे थांबा, बी आतल्या आत भरत असतं. दुधी तर हलवल्यावर खुळखुळला पाहिजे. धुतलेलं बी सावलीत वाळवून राखेत घोळवा आणि घट्ट झाकणाच्या बरणीत भरा.

‘पाकीट आणलेलंच बरं.’ झुकिनीसाठी मान्य, शेजारी शोभेचे भोपळे असतील तर नक्कीच. पाकिटावर ‘एफ-१’ किंवा ‘संकरित’ (म्हणजे दोन वाणांच्या संकराची पहिली पिढी) लिहिलं असेल तर त्या वेलाचं बी दोरा बांधूनही आईसारखं येणार नाही, तिथे मधमाशीचा दोष नाही. पण देशी वाणाला हा नियम लावणं म्हणजे राहीबाई पोपेरे यांना २०२० ची पद्मश्री कशासाठी मिळाली हेच विसरणं. अकोले तालुक्यातल्या कोंभाळण्यात त्यांनी गावठी बियाणंच तर राखलं.

एक पथ्य मात्र मी कधी मोडत नाही. जर्मनीत २०१५ मध्ये शेजाऱ्याच्या बागेतली कडू झुकिनी खाऊन एक वृद्ध गृहस्थ दगावले. म्हणून घरच्या बियाण्याच्या प्रत्येक वेलाचं पहिलं फळ कापलं की कच्ची फोड जिभेला लावून बघायची. कडू लागली तर थुंकायची, चूळ भरायची आणि तो वेल त्याच दिवशी उपटायचा.